रेंज नसलेल्या घरात फोन वापरणं: एसएआरचा आकडा किती मनावर घ्यायचा?

जांभादगड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्याच्या भिंती, आणि मागच्या अंगाला कौलं काढून पत्रे घातलेत. पडवीत फोर-जी बरं येतं, माजघरात एक दांडी आणि स्वयंपाकघरात तीही जाते-येते. वडिलांना पेसमेकर आहे, बायकोला सहावा महिना चालू आहे, म्हणून नवा फोन घेण्याआधी विचारतोय.

दोन फोन पाहून ठेवलेत. *#07# दाबल्यावर एकाचा डोक्याचा एसएआर (फोनच्या लहरी अंगात किती मुरतात त्याचा आकडा) 1.18 दिसतो, दुसऱ्याचा 0.79. दुसरा सहा हजारांनी महाग आहे. तेवढे जास्त पैसे घालण्यात अर्थ आहे का? दुकानदार फोनच्या पाठीला लावायचं रेडिएशन शोषणारं स्टिकरही देतोय, ते घ्यावं का? गावात समोरच्या टेकाडावर टॉवर यायचा आहे, घरापासून अंदाजे 300 मीटर. त्यावरून ग्रामपंचायतीत दोन तट पडलेत. आणि घरातली मोठी माणसं विजा कडाडायला लागल्या की सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावतात, त्यात तथ्य आहे का?

लहरीमापक

आधी एसएआरचं सांगतो, कारण त्या आकड्याचा अर्थ दुकानात बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो.

एसएआर म्हणजे शरीराच्या एक किलो ऊतींमध्ये दर सेकंदाला रेडिओलहरींची किती ऊर्जा मुरते त्याचं माप, वॅट प्रति किलोमध्ये. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून फोनसाठी मर्यादा 1.6 आहे आणि ती कुठल्याही 1 ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून पाळायची असते. त्याआधी 10 ग्रॅमवर 2 होती. युरोपात आजही 10 ग्रॅमवर 2 आहे. त्यामुळे युरोपातल्या साइटवरचा आकडा आणि आपल्याकडच्या खोक्यावरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका. तोच फोन 10 ग्रॅमच्या सरासरीवर मोजला की आकडा कमी येतो, कारण जास्त शोषण होणारी छोटी जागा मोठ्या सरासरीत विरून जाते.

मोजणी कशी होते ते कळलं की 1.18 आणि 0.79 चा प्रश्न आपोआप सुटतो. प्लास्टिकच्या पोकळ डोक्यात ऊतींसारखे विद्युत गुण असलेलं द्रव भरतात. फोन त्याच्या गालाला टेकवून आणि थोडा तिरका अशा दोन्ही स्थितींत, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लावतात. मग फोनला कमाल ताकदीवर बोलायला लावून द्रवात बुडवलेली सुई यांत्रिक हाताने मिलिमीटर-मिलिमीटर फिरवतात. हे प्रत्येक बँडवर होतं, आणि सगळ्यांत वाईट जो आकडा येतो तो खोक्यावर छापतात. म्हणजे हा त्या फोनचा कमाल आकडा झाला. रोजच्या कॉलमध्ये तुमच्या डोक्याला काय मिळतं ते यातून कळत नाही. ते रेंजवर ठरतं, आणि रेंजमुळे पडणारा फरक 1.18 नि 0.79 मधल्या दीडपटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. सहा हजार त्या आकड्यासाठी घालू नका. तुमच्या गावात ज्या कंपनीचा टॉवर आहे तिचे सगळे बँड (लहरींचे पट्टे) फोन घेतो का ते बघा, आणि सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग आहे का ते बघा. महाग फोनमध्ये हे असेल आणि स्वस्तात नसेल, तर मात्र महागाचाच घ्या.

मर्यादा कुठून आली तेही सांगून ठेवतो. सगळ्या शरीरात सरासरी 4 वॅट प्रति किलो मुरले तर शरीराचं तापमान साधारण 1 अंशाने वाढतं. त्याला 50 ने भागून सर्वसामान्य लोकांसाठी 0.08 ही संपूर्ण शरीराची मर्यादा ठेवली आहे. डोक्यासारख्या लहान भागाला जास्त सूट मिळते, कारण तिथली उष्णता रक्त वाहून नेतं. बोलताना कान तापतो त्याला मुख्यतः बॅटरी, प्रोसेसर आणि कानावर दाबून धरलेली काच कारण असते. लहरींनी येणारी उष्णता त्यामानाने फारच थोडी.

शरीराजवळचा म्हणजे खिशातला एसएआर मोजताना फोन काही मिलिमीटर दूर ठेवलेला असतो. किती ते फोनसोबतच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल: 5, 10, कधी 15. सप्टेंबर 2023 मध्ये फ्रान्समध्ये आयफोन 12 ची विक्री थांबवली होती, त्यात अंतराचाच मुद्दा होता. फोन हातात धरलेला किंवा खिशात अंगाला टेकलेला आहे असं धरून मोजल्यावर हातापायांसाठीची मर्यादा 4 असताना 5.74 भरले. डोक्याचा आणि धडाचा आकडा मर्यादेत होता. पुढे सॉफ्टवेअर बदलून ताकद उतरवली गेली.

रेंजवाला

लहरीमापक यांनी रेंजचा विषय काढलाच आहे, तर तो पुढे नेतो. या प्रश्नात खरं काम तिथेच आहे.

फोन एकाच ताकदीने बोलत नाही. टॉवर त्याला सतत सांगत असतो, आवाज वाढव, कमी कर. फोर-जीवर फोनची कमाल ताकद 23 डीबीएम (ताकद मोजायचं डेसिबलमधलं माप), म्हणजे 0.2 वॅट. टॉवर नीट ऐकू येत असेल तर हीच ताकद हजारावा हिस्सा किंवा त्याहून खाली उतरते. माजघरात एक दांडी असताना फोन कमाल मर्यादेच्या आसपास बोलत असतो. म्हणून बॅटरीही तिथेच भराभर उतरते.

टू-जीवर गोष्ट आणखी वेगळी. 900 मेगाहर्ट्झवर फोन 2 वॅटपर्यंत जातो, पण वेळेच्या आठ खाचांपैकी एकाच खाचेत बोलत असल्याने सरासरी 0.25 वॅट पडते. जुन्या स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल यायच्या आधी टिक्-टिक्-टर्रर्र असा आवाज येतो ना? तो सेकंदाला 217 वेळा सुटणाऱ्या याच ठोक्यांचा. टू-जीचा फोन कॉल जोडताना टॉवरने परवानगी दिलेल्या कमाल ताकदीने सुरुवात करतो आणि मग खाली येतो. प्रत्यक्ष मोजमापांत टू-जीचे कॉल सरासरी कमाल ताकदीच्या निम्म्याच्या आसपास आढळले, थ्री-जीचे एक टक्क्याच्या आत. वडिलांसाठी साधा बटणांचा फोन घ्यायचा असेल तर व्होल्टी (फोर-जीवरूनच कॉल करायची सोय) असलेला घ्या. नाहीतर तो कॉलपुरता टू-जीवर उतरेल.

आता करायचं काय. दांड्यांवर विसंबू नका, त्यांचं माप प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. अँड्रॉइडवर सेटिंग, फोनबद्दल, स्टेटस, सिम स्टेटस असं जा, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते. आयफोनवर *3001#12345#* डायल करा. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीवर -85 उत्तम, -100 चालेल, -110 च्या खाली गेला की फोन ओरडायला लागतो. फोन हातात घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबून आकडा लिहून काढा. फोन मधोमध धरा. खालची कड मुठीत आवळली की बऱ्याच फोनचा अँटेना झाकला जातो आणि आकडा लगेच पडतो.

जांभादगड

मोजलं. पडवीत -98, माजघरात -117, स्वयंपाकघरात पत्र्याखाली -121 ते -124, मधेच नो सर्व्हिस. ब्रॉडबँडचा राउटर माजघरात आहे.

रेंजवाला

राउटर असल्याने निम्मं काम झालंच. पण आधी हे आकडे वाचून दाखवतो.

-98 आणि -117 मध्ये 19 डेसिबलचा फरक आहे. 10 डेसिबलला दहापट, 20 ला शंभरपट, त्या हिशेबाने 19 म्हणजे सुमारे 80 पट. फोनची ताकद बरोबर 80 पटच वाढेल असं नाही, कारण बरीच नेटवर्कं तुटीची पूर्ण भरपाई फोनकडून करून घेत नाहीत, काही भाग सोडून देतात. तरी माजघरातला कॉल पडवीतल्या कॉलपेक्षा कित्येक पट जोराने जातोय हे नक्की. पत्रा लहरी परतवून लावतो, जाडजूड जांभा त्यांना शोषून घेतो. लिफ्टमध्ये किंवा बंद धातूच्या डब्यात फोन असाच धडपडतो. घाटात एसटी धावत असताना एक टॉवर सोडून दुसरा धरायचा, हेही त्याला सारखं करावं लागतं. अशा ठिकाणचा लांब कॉल मागे ठेवलेला बरा.

तुमच्यासाठी वायफाय कॉलिंग चालू करा. सेटिंगमध्ये सिम किंवा कनेक्शनच्या पानावर त्याचं बटण असतं. ते चालू झालं की कॉल टॉवरकडे न जाता त्याच खोलीतल्या राउटरमार्फत जातो. एक अडचण येते: फोर-जीचा धागा थोडा जरी हाताला लागला तरी काही फोन वायफाय सोडून त्यालाच चिकटतात. तसं झालं तर त्या पानावर "वायफायला प्राधान्य" हा पर्याय शोधा. नसेल तर घरात असताना एअरप्लेन मोड लावून नुसतं वायफाय परत चालू करा. बहुतेक फोनवर तशातही कॉल येतात-जातात आणि टॉवरकडचं बोलणं पूर्ण बंद राहतं. वीज गेली की राउटर बसतो, म्हणून त्याला छोटा 12 व्होल्टचा बॅटरी बॅकअप लावा. आधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर काय लिहिलंय ते बघून घ्या, 9 व्होल्टचेही असतात.

एक गोष्ट करू नका. बाजारात हजार-दोन हजारांत सिग्नल बूस्टर मिळतात. परवान्याशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि त्यामागे कारणही तसंच आहे. हलका बूस्टर टॉवरच्या कानात सतत गोंगाट ओततो. त्या गोंगाटावरून ऐकू जावं म्हणून आसपासच्या सगळ्या घरांतले फोन ताकद वाढवतात. स्वतःची रेंज वाढवायला जाऊन अख्ख्या वाडीचे फोन ओरडायला लावल्यासारखं होतं.

ओपीडी_संपली

पेसमेकर आणि गरोदरपण यावर लिहिते.

वडिलांचा पेसमेकर बहुतेक डाव्या कॉलरबोनखाली असेल. फोन आणि यंत्र यांच्यात किमान 15 सेंटिमीटर अंतर हवं. सोप्या भाषेत, फोन उजव्या कानाला लावायचा आणि शर्टाच्या डाव्या खिशात कधीच ठेवायचा नाही. छातीवर फोन ठेवून पडल्यापडल्या बातम्या ऐकायची सवय असेल तर ती मोडा. आजच्या पेसमेकरना रेडिओलहरींपासून चांगलं कवच असतं. त्रास व्हायचा तो चुंबकाने होतो. चार्जर पाठीला चिकटवायचे फोन, चुंबकी झाकणाची पाकिटं, गाडीतले चुंबकी होल्डर, इयरफोनच्या डब्या, या सगळ्यांत चुंबक असतो. तो अगदी जवळ आला की पेसमेकर ठरीव ठोक्यांच्या पद्धतीवर जातो, म्हणजे हृदयाचं स्वतःचं काम न बघता एका गतीने ठोके देत राहतो. लांब नेला की पुन्हा नेहमीसारखा चालतो. यंत्र आयसीडी प्रकारचं, म्हणजे गरज पडली की हृदयाला शॉक देणारं असेल तर जास्त जपा, कारण चुंबकाने त्याचं शॉक देण्याचं काम थांबू शकतं. बिनतारी चार्जर चालू असताना 30 सेंटिमीटर लांब राहावं. यंत्राचं कार्ड पाकिटात असू द्या आणि पुढच्या तपासणीला फोनचं मॉडेल दाखवून विचारा.

गरोदरपणात मोबाईल वापरल्याने बाळाला अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून भीती बाळगू नका. तरी अंतर ठेवायला काही खर्च येत नाही. व्हिडिओ कॉल करताना फोन पोटावर टेकवू नये, उशीला टेकवून हातभर लांब ठेवावा. फोनवर हॉटस्पॉट चालू करून तो मांडीवर ठेवणं टाळावं, कारण तेव्हा फोर-जी आणि वायफाय दोन्ही एकाच वेळी बोलत असतात. नुसतं गाणं किंवा चित्रपट बघताना फोन मुख्यतः ऐकत असतो. व्हिडिओ पाठवताना आणि व्हिडिओ कॉलवर तो सतत बोलतो, हा फरक लक्षात ठेवा. खरी काळजी रात्री उशीखाली चार्जिंगला लावलेल्या फोनची करा. गादीत उष्णता कोंडते आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. मागचं झाकण जरा जरी उचललेलं दिसलं तर तो फोन त्याच दिवशी चार्जिंगला लावणं बंद.

माळावरची_सावली

सगळं पटलं, पण जागतिक आरोग्य संघटनेने मोबाईलच्या लहरींना कर्करोगकारक म्हटलंय ना? मग "मर्यादेत आहे" यावर किती भरवसा ठेवायचा?

लहरीमापक

रास्त प्रश्न. 31 मे 2011 रोजी संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना 2 बी गटात टाकलं. या गटाचा अर्थ "शक्यता पूर्ण फेटाळता येत नाही, पुरावा मर्यादित" असा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. गट पुराव्याचं वजन सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. त्या वेळचा मुख्य आधार रुग्णांना "दहा वर्षांपूर्वी किती बोलायचात" असं विचारून केलेले अभ्यास होते, आणि इतक्या जुन्या आठवणी कच्च्या असतात. 2024 मध्ये संघटनेनेच करवून घेतलेला आढावा आला. त्यात 1994 ते 2022 मधले 63 अभ्यास एकत्र पाहिले आणि फोनवर बोलणं व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही, अगदी दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही.

लहरींच्या स्वभावाकडूनही बघा. 3500 मेगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी लहरीच्या एका कणात सुमारे 0.0000145 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला 10 च्या आसपास लागते. दिव्याच्या उजेडाच्या कणातसुद्धा 2 ते 3 असते. क्ष-किरणांसारखा रेणू तोडण्याचा गुण या लहरींत नाही, त्या तापवतात एवढंच. लहान मुलांबद्दल मात्र मी जास्त काळजी घ्यायला सांगेन. त्यांची कवटी पातळ असते, आणि फोन कानाला लावल्यावर मेंदूत सरासरी मोठ्यांच्या दुप्पट ऊर्जा मुरते. मुलांना आजीशी बोलायचं असेल तर स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवा. 25-30 सेंटिमीटर अंतराने शोषण कानाला लावण्याच्या मानाने नगण्य होतं. साध्या ब्लूटूथ इयरफोनची कमाल ताकद 1 ते 10 मिलिवॅट असते, फोर-जीच्या 200 समोर फारच थोडी.

स्टिकर घेऊ नका. तो अँटेना झाकत नसेल तर निरुपयोगी, आणि झाकत असेल तर फोन तेवढी जास्त ताकद लावणार. 2020 मध्ये फोनचं रेडिएशन कमी करते म्हणून शेणाच्या चिपचीही बरीच चर्चा झाली होती. तिलाही हाच हिशेब लागू पडतो.

सेक्टर3

टॉवरचं राहिलं. आकड्यांत मांडतो, तटातटांत वाद घालायला उपयोगी पडेल.

टॉवरवरचा उभा लांबट पांढरा डबा म्हणजे सेक्टर अँटेना. समजा त्यात 20 वॅट जातात आणि तो त्यांना एका दिशेला 50 पट केंद्रित करतो. म्हणजे झोताच्या रेषेत 1000 वॅट असल्यासारखं वागतं. अंतर R असेल तर 1000 भागिले 4 पाय R वर्ग. 50 मीटरवर चौरस मीटरला 32 मिलिवॅट, 300 मीटरवर 0.9 मिलिवॅट. भारताने 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा स्वीकारली, ती 900 मेगाहर्ट्झला 450 मिलिवॅट. 300 मीटरवर तुम्ही तिच्या सुमारे 1/500 वर आहात. एकाच टॉवरवर तीन-चार कंपन्या, प्रत्येकीचे तीन-चार बँड असं सगळं धरून बेरीज केली तरी मर्यादा फार दूर राहते.

उलट याच हिशेबाने झोतात 13 मीटरच्या आत मर्यादा ओलांडली जाते. म्हणून अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर गच्ची किंवा खिडकी येते का हे बघणं गरजेचं आहे, आणि शहरातल्या सोसायट्यांनी भांडावं ते यासाठी. अँटेनाच्या खाली उभं राहणाऱ्याला लोक घाबरतात, पण झोत उभ्यात 6-7 अंशच रुंद असतो. 24 मीटर उंचीवरचा अँटेना 6 अंश खाली झुकवला तर झोताचा मध्य जमिनीला सव्वादोनशे मीटरवर टेकतो.

तुमच्या बाबतीत टेकाडाची उंची वेगळी धरावी लागेल. घर अँटेनाच्या समपातळीवर येत असेल तर ग्रामपंचायतीत तेवढाच मुद्दा मांडा: अँटेनाचं तोंड आणि झुकाव लेखी मागा. टॉवर उभा राहिल्यावर तरंग संचार या सरकारी पोर्टलवर तो मर्यादेत आहे की नाही हे कुणालाही बघता येतं, आणि 4000 रुपये भरून प्रत्यक्ष मोजणीही मागवता येते. तुमचं गाव महाराष्ट्र व गोवा मिळून जे सर्कल (मोबाईल सेवेचा विभाग) आहे त्यात येतं, मुंबईचं सर्कल वेगळं.

तो टॉवर आला की तुमच्या माजघरातला -117 बहुधा -85 च्या आसपास येईल. डोक्याला टेकलेला फोन खाली आवाजात बोलायला लागेल. घरातल्या माणसांना मिळणाऱ्या लहरींत सगळ्यात मोठा वाटा त्याच फोनचा असतो, टॉवरचा नाही.

रेंजवाला

विजांचं कुणी लिहिलं नाही. मोबाईल वीज ओढून घेत नाही, रेडिओलहरींनी विजेला वाट मिळत नाही. उघड्या माळावर, काजूच्या झाडाखाली उभं राहणं हाच धोका, फोन चालू असो की बंद. घरात मात्र चार्जिंगला लावलेला फोन हातात घेऊ नका. खांबावर वीज पडली की लाट तारेतून चार्जरपर्यंत येते. गडगडाट जवळ यायच्या आत चार्जर आणि राउटरचा अडॅप्टर दोन्ही सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बॅटरी बॅकअप लावलेला असेल तर राउटर चालूच राहतो, वायफाय कॉलिंगही चालतं. ब्रॉडबँड फायबरचं असेल तर ती काचेची तार वीज आणत नाही. तांब्याची असेल तर तीही राउटरमधून काढून ठेवा.